धालसिम : लांब हात, सावकाश पाय

आपल्या खानदेशात यात्रेच्या फडात कुस्ती लावावयाची झाली की पंच आधी जोड पाहतात. दोघांचे अंग, वय, वजन, कोणत्या तालमीचा, यंदा किती कुस्त्या मारल्या, याचा अंदाज घेऊन मगच हातात हात दिला जातो. जोड तोलाची नसेल तर भोवती बसलेले लोकच ओरड करून ती मोडावयास लावतात. व्हिडिओ गेममधल्या लढतीत असा पंच नसतो. तेथे अस्वलांशी झुंजणाऱ्या रशियन पैलवानासमोर, ज्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात असा एक भारतीय साधू उभा केला जातो, ‘फाइट’ असा पुकारा होतो, आणि हरकत घेणारा कोणी नसतो. हा साधू म्हणजे ‘स्ट्रीट फायटर’ या खेळातील धालसिम. तो दुबळा आहे असे आमच्या गल्लीत सर्रास मानले जाते. मला ते मान्य नाही. का मान्य नाही, ते येथे मांडावयाचे आहे.

वार्षिकांकात व्हिडिओ गेमवर लेख पाहून काही जण नाक मुरडतील, याची मला कल्पना आहे. पण कादंबरीतील नायकाचे ‘स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न आपण दहा गुणांसाठी दरवर्षी सोडवतोच ना? मग जे पात्र आपल्याच बोटांनी चालवावे लागते, ज्याचा मार आपल्याच अंगठ्यांना लागतो, त्याचे गुणदोष तपासणे हे त्याहून हलके काम का समजावे?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे भाग आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’ बाजारात आणला. त्यात खेळणाऱ्याला निवडता येतील असे आठ लढवय्ये होते. जपानचे रियू आणि होंडा, अमेरिकेचे केन आणि गाइल, चीनची चुन-ली, ब्राझीलचा ब्लांका, त्या काळच्या सोव्हिएत संघाचा झांगिफ आणि भारताचा धालसिम. पडद्यावर जगाचा नकाशा येतो, खाली आठ चेहरे असतात, आणि एक लहानसे विमान उडत ज्याच्याशी लढायचे त्याच्या देशात जाऊन उतरते. भारतात उतरले की दोन्ही बाजूंना हत्ती उभे असतात आणि मध्येच सोंड वर करून ओरडतात. तीन बटणे ठोशांची, तीन लाथांची. दोघांच्या डोक्यावर एकेक पट्टी असते, तिला आमच्याकडे ‘लाइफ’ म्हणतात. ती संपली की डाव संपला. तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी. नियम इतकेच. बाकी सारे हातात.

आमच्या पिंपळनेरहून पुणे लांब आणि सुरत जवळ. म्हणून हा खेळ आमच्या घरात सुरतेच्या वाटेने आला. माझे मामा तेथे कारखान्यात कामाला होते. सुटीच्या दिवशी व्हिडिओ गेमच्या दुकानात नाणे टाकून ते खेळत. त्यांच्या आठवणीत मात्र धालसिम नाही; त्यांचा हिरो ‘मुस्तफा’. तो खेळही कॅपकॉमचाच, १९९३ सालचा. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ असे लांबलचक आहे, परंतु आपल्या देशात ते नाव कोणी घेतले नाही. चार पात्रांपैकी पिवळ्या टोपीचा मुस्तफा पोरांना एवढा आवडला की खेळालाच त्याचे नाव पडले. कारण उघड होते. तो चपळ होता, धावत येऊन उडती लाथ मारी, आणि एका नाण्यात फार पुढपर्यंत जाता येई. मामा म्हणतात, ज्याच्या खिशात दोनच नाणी आहेत तो गुणदोष पाहत बसत नाही, तो मुस्तफा घेतो. मला हे वाक्य पटते. पात्राची निवड ही कित्येकदा खिशावरून होते.

माझ्या पिढीला नाणे लागत नाही. घरात एक मोबाइल आहे, तो वडील भाऊ कामावरून आला की मिळतो, आणि जुने खेळ त्यावर चालतात. तेथेच मी धालसिम धरला. तेव्हापासून मित्रांचा एकच प्रश्न असतो, अगदी आमच्या अहिराणीत: “हाऊ साधू कसाले लेस भो?”

आता त्याच्या बळाकडे वळू. धालसिमचे हातपाय लांबतात. इतर कोणाचाही ठोसा एका हाताच्या अंतरावर संपतो. धालसिमचा जवळजवळ अर्धा पडदा ओलांडून जातो. म्हणजे समोरचा अजून पोचण्याच्या विचारात असतो तेव्हा त्याला मार बसलेला असतो. दुसरे बळ ‘योगा फायर’. तोंडातून निघणारा हा आगीचा गोळा सावकाश जातो, आणि त्याचे सावकाश जाणे हाच त्याचा गुण आहे. गोळा वाटेत असताना समोरच्याला तीनच मार्ग उरतात: हात आडवे धरून थांबावे, आपलाही गोळा सोडून तो विझवावा, किंवा उडी मारावी. थांबला तर लांब हात आहेतच. उडाला तर वर जाणारी लाथ तयार असते. ‘योगा फ्लेम’ ही जवळची ज्वाळा. त्याशिवाय तो जमिनीवर घसरत जाऊन दुसऱ्याच्या आगीच्या गोळ्याखालून निघून जाऊ शकतो, ही गोष्ट नवख्यांना ठाऊकच नसते. १९९२ सालच्या ‘हायपर फायटिंग’ या सुधारित आवृत्तीत त्याला अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होण्याचीही विद्या मिळाली.

(आमच्या कॉलेजात २१ जूनला योगदिन होतो. सतरंजीवर आम्ही सारे असतो. आजवर एकाच्याही तोंडातून ज्वाळा निघालेली नाही. असो.)

आता उणिवा. त्या झाकून लेख लिहिणे म्हणजे वकिली होईल. पहिली उणीव अशी की, जो हात लांब जातो तो परत यायलाही वेळ लागतो. या खेळात एका सेकंदाचे साठ तुकडे धरतात. प्रत्येक ठोशाचे काही तुकडे हात बाहेर पडण्यात जातात, काही लागण्यात आणि उरलेले हात मागे घेण्यात. धालसिमच्या जोराच्या ठोशाचा हा हिशेब महाग पडतो. ठोसा चुकला तर तेवढा वेळ तो बांधल्यासारखा उभा असतो. त्यातही वाईट म्हणजे तो बाहेर गेलेला हात हेही त्याचेच अंग. रियू किंवा केन यांचा वर झेपावणारा ठोसा त्या हातावर बसला तरी लाइफ धालसिमचीच कमी होते. शेजाऱ्याच्या शेतात फांदी गेली की तिकडच्या शेरडांनी ती खावी, तसा हा प्रकार आहे.

दुसरी उणीव पायांची. तो चालतो सावकाश. त्याची उडीही सावकाश. वर जाऊन तरंगतो आणि उतरतो. समोरच्याला पाहावयास, विचार करावयास आणि मारावयास पुरेसा वेळ मिळतो. या उडीवर उपाय आहे. हवेत असताना खाली दाबून लाथ मारली तर तो गिरमिटासारखा फिरत तिरपा खाली येतो, आणि कोठे उतरणार हा समोरच्याचा हिशेब चुकतो. तरी उपाय तो उपायच. तिसरी उणीव सर्वांत जिवावरची. जुन्या आवृत्त्यांत तो एकदा पडला आणि समोरचा त्याच्या उरावर येऊन उभा राहिला की त्याच्याजवळ भरवशाचा तोड नाही. रियू उठता उठता वर ठोसा मारून जागा मोकळी करतो. धालसिमला हात आडवे धरून मार सोसत संधीची वाट पाहावी लागते.

म्हणजे लक्षात घ्या, बळ आणि उणीव या दोन वेगळ्या याद्या नाहीत. अंतर राखले आहे तोवर जो हात शस्त्र असतो, तोच अंतर मोडले की अडगळ होतो. म्हणून धालसिम खेळणे म्हणजे मारामारी खेळणे नव्हेच. ते अंतर सांभाळणे आहे. आमचे मित्र त्याला दुबळा म्हणतात याचे कारण ते त्याला मुस्तफासारखा खेळू पाहतात. धावत समोरच्यावर जातात, चार ठोसे मारतात, पडतात, आणि मग साधूला शिव्या देतात. बैलाकडून दूध काढावयास गेल्यावर बैल वाईट ठरतो तो असा.

वस्तुस्थिती काय आहे? १९९१ च्या मूळ खेळात जाणकार खेळाडू गाइलच्या बरोबरीने किंवा त्याच्या खालोखाल ज्याचे नाव घेतात तो धालसिम. आणि ज्याला पाहून आमच्या गल्लीतले सारे टरकतात तो झांगिफ त्या आठांत तळाला. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. परंतु फडावरच्या पंचाच्या नजरेने ही जोड पाहा. झांगिफने एकदा मिठी मारली की अर्धे काम झाले, हे खरे. मात्र मिठी मारण्यासाठी त्याला चालत यावे लागते, आणि मूळ खेळात त्याच्याजवळ दुरून फेकण्यासारखे काहीही नाही. एकेका पावलासाठी त्याला धालसिमच्या हाताखालून, लाथेखालून, आगीखालून जावे लागते. अंगाने जो सर्वांत भारी तो अंगाने सर्वांत हलक्याला भिऊन चालतो, अशी ही जोड आहे. उलट जो चपळ आहे आणि एकदा अंगाशी भिडला की सुटत नाही, तो धालसिमला जड जातो. म्हणून ‘धालसिम बलवान की दुबळा’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाशी, किती अंतरावर आणि कोणाच्या हातात, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

कुस्तीतही हेच नाही काय? १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव हे लहान चणीचे पैलवान होते. आपल्या जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्याचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला. तोवर कोल्हापूर-साताऱ्याकडची कितीतरी मंडळी खानदेशाला कापसाचा आणि केळीचा मुलूख समजत असतील, कुस्तीचा नव्हे.

आता मला जे खरोखर बोलावयाचे आहे त्याकडे येतो. धालसिमला हे अंग दिले कोणी? १९७६ सालच्या ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’ या कुंगफूच्या चित्रपटात हात लांबवणारा एक भारतीय योगी आहे. धालसिमची कल्पना तेथून आली असे सांगतात. आठ पात्रांची मांडणी पाहा. जपान म्हणजे कराटे आणि सुमो. अमेरिका म्हणजे सैनिक. रशिया म्हणजे अस्वल आणि पैलवान. भारत म्हणजे उघडा साधू, गळ्यात कवट्या, अंगावर फाटके कापड. तुम्ही ज्या देशात जन्मलात त्यावरून तुमचे हातपाय, तुमचा वेग, तुमचे डाव सारे आधीच ठरलेले. धालसिमच्या आधी, निन्टेंडो कंपनीच्या १९८७ सालच्या ‘पंच-आउट’ या मुष्टियुद्धाच्या खेळात ‘ग्रेट टायगर’ नावाचा भारतीय होता, तोही चक्क मुंबईचा. मुंबईचा मुष्टियोद्धा म्हणजे गिरणगावातला कोणी असेल असे आपल्याला वाटेल. पण नाही, डोक्यावर पगडी, पगडीत मणी, आणि जादूने अदृश्य होणे. ठोसा मारण्यापूर्वी त्याचा मणी चमकतो, त्यामुळे खेळणारा आधीच सावध होतो. त्याचा देशी दागिना हीच त्याची उणीव करून ठेवलेली. आणि त्याला आपण घेऊन खेळूही शकत नाही, फक्त हरवू शकतो.

ही विनोदाची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. मला ती सोडवत नाही, कारण ही मांडणी मला फार ओळखीची आहे. मी सहावी-सातवीत असताना गावातल्या एका शिकल्या-सवरल्या गृहस्थांनी माझ्या वडिलांना सल्ला दिला होता: तुमच्या घरची पोरे हाडापेराने दणकट, त्यांना पुस्तक काय करायचे, ऊसतोडीला गुजरातेत न्या, दोन पैसे येतील. बोलण्यात वाईट हेतू नव्हता. उलट त्यांनी आमच्या घराचे कौतुकच केले होते. आमच्या लाइफची पट्टी किती लांब आहे ते ते सांगत होते. फक्त आमचे सहाही डाव त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. वडील ऐकून घेऊन गप्प राहिले आणि जूनमध्ये मला वह्या आणून दिल्या. आज आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. वर्गात इंग्रजीचा तास असला की माझेही पाय धालसिमसारखे सावकाश चालतात, हे मी जाणतो. परंतु त्यावरून कोणी माझी जागा तळाला लावू लागला तर मी विचारीन, कोणाशी जोड लावून पाहिलीत?

काही मित्रांचे मत असे की धालसिम हा भारताचा अपमान आहे, त्याला खेळूच नये. त्यांचा राग मला कळतो. कवट्यांची माळ मलाही रुचत नाही. पण राग धरण्यापूर्वी पात्राची सारी हकिगत वाचावी. त्या कवट्या त्याने मारलेल्या शत्रूंच्या नाहीत; गावात साथ आली त्यात दगावलेल्या मुलांच्या आहेत, त्यांची आठवण म्हणून तो त्या गळ्यात बाळगतो. तो स्वभावाने शांततावादी. लढतो तो गावासाठी पैसा जमवावा म्हणून. आठांत असा दुसरा मला दिसत नाही. कोणाला सूड हवा आहे, कोणाला नाव हवे आहे. शिवाय तो संसारी आहे. बायकोचे नाव सॅली, हे कोणत्या गावच्या पंचांगातून काढले देव जाणे! मुलाचे नाव मात्र दत्ता. सारंगखेड्याच्या यात्रेला जाणाऱ्या माणसाला हे नाव ऐकून घरचे वाटेल. जपानमध्ये बसून कोणी हे नाव निवडले त्याचे मी तरी आभार मानतो.

बदलही झालेच. १९९४ साली या खेळावर इंग्रजी चित्रपट निघाला तेव्हा धालसिमची भूमिका रोशन सेठ यांनी केली. तेच, ज्यांनी ‘गांधी’ चित्रपटात आणि ‘भारत एक खोज’ या मालिकेत नेहरू साकारले. त्या चित्रपटात धालसिम साधू नव्हता, शास्त्रज्ञ होता. चित्रपट सुमार निघाला तरी ही कल्पना मला आवडली. २०१६ सालच्या ‘स्ट्रीट फायटर ५’ मध्ये त्याला दाढी आणि पागोटे आले, हवेत तरंगत राहता येऊ लागले. २०२३ च्या सहाव्या खेळातही तो पहिल्या दिवसापासून आहे. नव्या इंग्रजी चित्रपटासाठी विद्युत जामवाल याची निवड झाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे बरगड्या मोजण्याचे दिवस गेले असे दिसते.

मला खरी खंत वेगळीच आहे. आजच्या मोठ्या स्पर्धांत धालसिमला घेऊन नाव कमावणारे कोण? जपानचा मोची, फ्रान्सचा मिस्टर क्रिमसन. आपल्या नावाच्या पात्राचे बारकावे परक्यांच्या बोटांना अधिक कळले. हा त्यांचा दोष नव्हे, त्यांची मेहनत आहे. आपलेही खेळाडू आता पुढे येत आहेत. २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा खेळ होता आणि भारताकडून मयंक प्रजापती व अयान बिस्वास उतरले होते. मात्र अशा खेळाला चांगले यंत्र, चांगले इंटरनेट आणि रोजचे दोन-तीन तास मोकळे लागतात. आमच्याकडे संध्याकाळी वीज असली तर मोबाइल भावाकडे असतो, आणि मोबाइल हाती आला तर नेट पांझरेच्या पलीकडे राहते. पात्राच्या उणिवा मोजताना खेळणाऱ्याच्याही मोजाव्या लागतात.

तरीही कोणाला हा साधू घ्यावासा वाटलाच तर अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. पहिले आठ दिवस उडी मारूच नका. समोरच्यापासून आपला हात जेमतेम पोचेल एवढ्या अंतरावर उभे राहा आणि तो जवळ आला की मागे सरा. मागे सरण्याची लाज वाटू देऊ नका. गोळा नेहमी हलक्या बटणाने, म्हणजे सर्वांत सावकाश जाईल असा सोडा. जोराचा ठोसा मोजून वापरा, कारण चुकला तर तो परत येईपर्यंत आपण कोणाचेच नसतो. पहिली शिकवणी झांगिफविरुद्ध घ्या. तो एकेक पाऊल पुढे टाकत येताना दिसेल, तेव्हा बटणे बडवण्याचा मोह होतो. त्या वेळी अंगठा उचलून धरावा आणि तो पुढचे पाऊल टाकेपर्यंत वाट पाहावी.